ट्रॉलीच्या रकान्यात शून्य: नव्या ट्रेलर-मालकासाठी विम्याची पायरी-पायरीने माहिती

पॉलिसीच्या पहिल्या पानावर मधोमध एक छोटा तक्ता असतो. वाहनाची किंमत, ट्रेलरची किंमत, इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज, इतर अ‍ॅक्सेसरीज, शेवटी एकूण. २०१४ साली माझ्या पहिल्या गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्या रकान्यात शून्य छापलेलं होतं. सहा महिने ते माझ्या नजरेलाच पडलं नाही. पडलं ते साताऱ्याकडून येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावरच्या एस वळणावर ट्रॉली, म्हणजे मागचा ट्रेलर, आडवी झाली तेव्हा. हॉर्स, म्हणजे पुढचा ओढणारा भाग, उभाच होता, ट्रॉली कठड्याला टेकून कलंडलेली. विमा कंपनीसाठी नुकसान मोजणारा सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले, पॉलिसी चाळली आणि म्हणाला, "शेठ, हॉर्सचं काय ते लिहितो. ट्रॉलीचं तुमचं तुम्ही बघा." हप्ता कमी दिसावा म्हणून एजंटने ट्रॉली धरलीच नव्हती, आणि मीही विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी गाड्या कमी केल्या आणि कागदांच्या कामात शिरलो. निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत बसलो की आठवड्याला एक-दोन तरी नवे मालक येतात. कुणी चाकणहून जेएनपीटीला कंटेनर ओढायला अठरा चाकी घेतलेली असते, कुणी रांजणगावच्या स्टील कॉइलसाठी बावीस चाकी. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "भाऊ, कितीला बसेल?" तो आकडा शेवटी येतो. आधी पुढच्या गोष्टी करायच्या.

आरसी वाचा, तीही दोन्हींची

मोटार वाहन कायदा १९८८ च्या भाषेत तुमची गाडी म्हणजे 'आर्टिक्युलेटेड व्हेइकल', म्हणजे ओढणारं वाहन आणि त्याला जोडलेला सेमी-ट्रेलर. सेमी-ट्रेलरला स्वतःचं इंजिन नसतं आणि त्याच्या वजनाचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो. ड्रायव्हर पुढच्या भागाला हॉर्स म्हणतात, हिंदी मुलखातले घोडा म्हणतात, आरसीवर ट्रॅक्टर लिहिलेलं असतं. मागची ती ट्रॉली. शेतातल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीशी याची गल्लत नको. ऑनलाइन फॉर्म भरताना चुकीचा वर्ग निवडलेल्या पॉलिसी माझ्याकडे आलेल्या आहेत.

तुमची ट्रॉली हॉर्सच्याच आरसीवर चढवलेली आहे की तिची आरसी वेगळी आहे, ते आधी बघा. मग ट्रॉलीपाशी जा आणि चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. तो ठसा, आरसीवरचा नंबर आणि ट्रॉली बांधणाऱ्याचं बिल, तिन्ही जुळले पाहिजेत. एका आकड्याचा फरक असला तर आजच आरटीओत जाऊन दुरुस्त करून घ्या. क्लेमच्या दिवशी तोच फरक "ही ती ट्रॉलीच नाही" असं म्हणायला पुरतो.

एका हॉर्सला दोन ट्रॉल्या आलटून-पालटून लावत असाल तर दोन्ही पॉलिसीत चासी नंबरासकट हव्यात. आणि दुसऱ्याची ट्रॉली ओढत असाल तर आणखी जपा. तुमच्या ताब्यात असलेल्या वस्तूचं नुकसान थर्ड पार्टीत, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणाऱ्या विम्यात, धरत नाहीत. मित्राची ट्रॉली तुमच्या हॉर्समागे उलटली तर ती तुमच्या थर्ड पार्टीतून भरून निघणार नाही. तिचा स्वतःचा विमा नसेल तर मैत्री आणि ट्रॉली दोन्ही जातात.

थर्ड पार्टी: सक्तीचा, आणि त्यातली एक भोक पडलेली बाजू

कलम १४६ प्रमाणे हा नसेल तर गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. पकडलं तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडलात तर दंड ४,००० रुपये. दंडाची रक्कम किरकोळ आहे. विम्याशिवाय कुणी दगावलं तर कोर्टाची भरपाई थेट तुमच्या अंगावर येते, भीती त्याची बाळगा.

हा दर सरकार ठरवतं, त्यामुळे कंपन्या बदलून घासाघीस करण्यात अर्थ नाही. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात भाड्याच्या मालगाडीला २० ते ४० टनांच्या एकूण वजनासाठी ४३,९५० रुपये आणि ४० टनांच्या वर ४४,२४२ रुपये आहेत. फरक फक्त २९२ रुपयांचा. तरीही पासिंग ४० च्या वरचं असताना खालचा स्लॅब टाकणारे महाभाग आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे ४४,२४२ वर २,२१२ रुपये. कोटेशनमध्ये हा आकडा ताडून बघा. ट्रॉलीचा हप्ता वेगळी ओळ म्हणून दिसला पाहिजे.

आता भोक. माणूस दगावला किंवा जखमी झाला तर विमा कंपनीच्या जबाबदारीला वरची मर्यादा नाही. पण दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान एका घटनेत ७.५ लाखांपर्यंतच भरलं जातं. ७.५ लाख मोठे वाटत असतील तर पुण्याचा नवले पूल आठवा. २० नोव्हेंबर २०२२ ला कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरणाऱ्या एका ट्रकने तिथे ४८ गाड्यांचं नुकसान केलं होतं. एवढ्या गाड्यांना ७.५ लाख वाटून बघा. वरचं सगळं मालकाकडे. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्या ड्रायव्हरला मी हाच हिशेब सांगतो.

काही पॉलिसीत हीच मर्यादा ६,००० रुपयांवर आणून हप्त्यात थोडीशी सूट देतात. असं काही छापलेलं दिसलं की पॉलिसी परत करा.

स्वतःच्या गाडीचं नुकसान: खरा अभ्यास इथे

फुल इन्शुरन्स म्हणजे सगळं मिळणार, हा गैरसमज जितका जुना तितकाच टिकाऊ. तीन गोष्टी बघायच्या.

पहिली आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा भंगारात निघाली तर मिळणारी कमाल रक्कम. नव्या किमतीतून घसारा वजा होतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. त्यापुढे दोघांच्या संमतीने. समजा हॉर्स ३५ लाखांचा आणि ट्रॉली ८ लाखांची. दीड वर्षाच्या गाडीला हॉर्स २८ लाख आणि ट्रॉली ६.४ लाख, असे दोन आकडे दोन रकान्यांत यायला हवेत. ट्रॉलीचं बिल बांधणाऱ्याचं असतं, शोरूमचं नाही, म्हणून ते राहून जातं. ते बिल एजंटच्या हातात द्या. हप्ता कमी करायला आयडीव्ही खाली ओढू नका. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस धरतात आणि पैसे आधी फायनान्सवाल्याकडे जातात. कर्ज २६ लाख बाकी आणि आयडीव्ही २२ लाख, अशा गाडीत मालकाच्या हाती भंगाराची पावतीसुद्धा उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सुट्या भागांवरचा घसारा. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरवर ३०, काचेवर शून्य. लोखंडी भागांवर वयाप्रमाणे: दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी १५, चौथ्या वर्षी २५, पाचव्या वर्षी ३५, पाच ते दहा वर्षांत ४० आणि त्यानंतर ५०.

तिसरी, आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारी: व्यावसायिक गाडीच्या साध्या पॉलिसीत बंपर, हेडलाइट, मडगार्ड, बॉनेटच्या बाजू, टायर-ट्यूब आणि ठोकलेल्या भागाचा रंग हे धरलेलंच नसतं. त्यासाठी आयएमटी २३ हे कलम जादा हप्ता भरून घ्यावं लागतं, आणि घेतलं तरी त्या भागांच्या मंजूर रकमेतले निम्मे तुमचेच.

आकड्यांत बघू. गाडी साडेतीन वर्षांची, दुरुस्तीचं बिल ५ लाख. त्यात लोखंडी काम ३ लाख, प्लॅस्टिक-रबर ६० हजार, काच २० हजार, मजुरी ५० हजार, बंपर-लाइट-मडगार्ड ७० हजार. आयएमटी २३ नसेल तर: लोखंडाचे २,२५,०००, प्लॅस्टिकचे ३०,०००, काचेचे २०,०००, मजुरीचे ५०,०००, बंपर वगैरेचा भोपळा. एकूण ३,२५,०००, आणि त्यातूनही अनिवार्य कपात, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायची ठरावीक रक्कम, जाणार. आयएमटी २३ असेल तर त्या ७० हजारांवर प्लॅस्टिकचा घसारा लागून ३५ हजार, त्याचे निम्मे १७,५००. म्हणजे ३,४२,५००. मात्र झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांवरचा घसारा न कापणारं जादा कवच, घेतलं असतं तर लोखंड आणि प्लॅस्टिक मिळून १,०५,००० रुपये वाचले असते. म्हणून माझं मत सरळ आहे: पैसे मोजकेच असतील तर आधी झिरो डेप, मग आयएमटी २३. झिरो डेप बहुतेक कंपन्या गाडी नवी असतानाच देतात, तेव्हाच पदरात पाडून घ्या.

घाटात पलटी झाली तर क्रेनचा खर्च वेगळा. साध्या पॉलिसीत व्यावसायिक गाडी ओढून नेण्याला २,५०० रुपये आहेत. भरलेला ट्रेलर सरळ करायला दोन क्रेन लागतात आणि त्या २,५०० त जागच्या हलतही नाहीत. टोइंगची मर्यादा वाढवून घ्या, हप्ता फार वाढत नाही.

जाता जाता एक गंमत. विम्याच्या जुन्या दरपत्रकात पुण्याची खासगी मोटार झोन ए मध्ये, मुंबई-दिल्लीच्या पंक्तीला. पण मालगाडीसाठी झोन ए म्हणजे फक्त चार महानगरं, आणि पुणे झोन सी मध्ये. एमएच १२ किंवा एमएच १४ पासिंगच्या ट्रेलरला मूळ दर मुंबईच्या गाडीपेक्षा कमी पडतो तो यामुळे.

कधी मिळत नाही

ओव्हरलोड. जादा वजनाने किंवा ताणाने झालेलं नुकसान पॉलिसीतच वगळलेलं आहे. २०१८ नंतर ट्रेलरचं कमाल वजन ५५ टनांपर्यंत गेलं, त्यामुळे दोन टन जास्त भरायचा मोह कमी व्हायला हवा होता, पण तसं दिसत नाही. दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, तो वेगळाच.

लायसन. कार किंवा टेम्पोच्या हलक्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. बरेच ड्रायव्हर तेवढंच ऐकून येतात. तुमची गाडी त्याच्या कैक पट आहे, तुम्हाला जड मालवाहनाचंच लायसन हवं. नवा ड्रायव्हर ठेवताना त्याचा नंबर लायसनच्या सरकारी सारथी पोर्टलवर टाका आणि स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. लोणी काळभोरच्या डेपोतून तेल भरणार असाल तर धोकादायक मालाची नोंदही लायसनवर लागते. लायसन चुकीचं निघालं तर कोर्ट कंपनीला जखमीचे पैसे भरायला लावतं आणि मग कंपनी ते तुमच्याकडून वसूल करते.

पासिंग आणि परमिट. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. फिटनेसची तारीख विम्याच्या तारखेबरोबर मोबाइलमध्ये एकाच ठिकाणी टाका.

गाडीतली माणसं

मालक स्वतः लायसनधारक असेल तर १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच सक्तीचं आहे. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर ते लागत नाही. ड्रायव्हर आणि क्लीनरसाठीच्या जबाबदारीचा हप्ता माणशी ५० रुपये आहे, तरीही कित्येक पॉलिसीत ड्रायव्हर एकच धरलेला असतो आणि केबिनमध्ये दोन जण असतात. त्यांचं वेगळं अपघात कवच घेतलंत तर आणखी बरं, कारण नाइट हॉल्टला गावाकडून फोन येतो तो मालकालाच. वाटेत पैसे घेऊन बसवलेली 'सीट' मात्र कशातच धरत नाहीत. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालाबरोबर असेल तर तो धरला जातो.

माल कुणाचा, विमा कुणाचा

वाहनाच्या विम्यात तुमच्या ट्रॉलीवरचा माल येत नाही. नव्या मालकाला हे सांगितलं की तो दोनदा विचारतो. मालासाठी वेगळी पॉलिसी लागते आणि तिला सगळे 'मरीन' म्हणतात. पुण्यापासून समुद्र कोसो दूर असला तरी नाव तेच. रस्त्याच्या मालासाठी तीन पातळ्या आहेत. ए मध्ये वगळलेलं सोडून सगळं, चोरीसह. बी मध्ये आग, वीज, टक्कर, पलटी, पूल कोसळणं वगैरे. सी मध्ये फक्त आग आणि वीज. ही पॉलिसी सहसा माल पाठवणारा घेतो आणि ट्रान्सपोर्टर निर्धास्त होतो. इथेच फसतो.

माल पाठवणाऱ्याला त्याची विमा कंपनी पैसे देते, आणि मग तीच कंपनी त्याच्या जागी उभी राहून तुमच्याकडे वसुलीला येते. नोटीस आल्यावर "माल तर इन्शुअर्ड होता" हे उत्तर चालत नाही. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट २००७ आणि त्याचे २०११ चे नियम यांत तुमची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित आहे, पण मालाची जास्त किंमत जाहीर करून बिल्टी, म्हणजे माल उचलल्याची पावती, केली असेल तर ती मर्यादा उठते. म्हणून बिल्टीवर काय लिहून देताय ते बघा. मालाच्या नुकसानीची ही जबाबदारी भरणारी, ट्रान्सपोर्टरने स्वतःसाठी घ्यायची पॉलिसी ती 'कॅरियर्स लायबिलिटी'. गाडी फक्त एका कंपनीला महिनेवारीने लावली असेल तर तुमचा करार वाचूनच ती घ्यायची की नाही ते ठरवा. मिळेल ते भाडं उचलत असाल तर घ्याच.

पैसे भरताना

हप्ता कंपनीच्या खात्यात जमा झाल्याशिवाय विमा सुरू होत नाही. चेक परतला तर पॉलिसीचा कागद हातात असूनही तुम्ही उघडे. फायनान्सवाल्याचं नाव पॉलिसीत आहे ना, बघा. एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, खरा सांगा. मागच्या वर्षी क्लेम घेतला असेल आणि 'नाही' लिहिलंत तर नवी कंपनी जुन्या कंपनीला विचारते, आणि ते क्लेमच्या वेळीच उघडं पडतं. जुनी गाडी घेतली असेल तर थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग १४ दिवसांत अर्ज करून नावावर करून घ्यावा लागतो. हे चौदा दिवस चुकवलेला माणूस मी दर दोन-तीन महिन्यांनी भेटतो.

अपघात झाला, आता काय

ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा: माणसं आधी, मग पोलीस, मग मला फोन, मग गाडी. पोलिसांनी हलवायला लावेपर्यंत गाडी हलवायची नाही. हलवावीच लागली तर त्याआधी फोटो. फोटोत हॉर्स आणि ट्रॉली जोडलेल्या अवस्थेत, दोन्हींचे नंबर, ट्रॉलीची चासी प्लेट, टायरच्या खुणा, रस्त्याचा दगड किंवा किलोमीटरचा फलक. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर घ्या. दुसऱ्याला इजा झाली असेल किंवा गाडी चोरीला गेली असेल तर एफआयआर हवाच. सर्व्हेअर येण्याआधी वर्कशॉपमध्ये एकही बोल्ट उघडू देऊ नका. मिस्त्री उत्साही असतात.

सर्व्हेअर बिल्टी, ई-वे बिल, फास्टॅगचं स्टेटमेंट, वजनकाट्याची पावती मागतो. ती पावती ड्रायव्हरच्या खिशात चहाने भिजलेली असते, म्हणून निघतानाच तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायची सवय लावा.

क्लेम नाकारला किंवा कापला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यातच नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर विमा लोकपालांचं कार्यालय आहे. व्यक्ती, एकमालकी धंदा आणि सूक्ष्म उद्योग तिथे जाऊ शकतात, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. फी नाही, वकीलही चालत नाही, तुम्हालाच बोलायचं असतं. फाइल लावताना सगळ्यात वर पॉलिसीचं पहिलं पान ठेवा, तक्त्यातला ट्रेलरचा आकडा पेनाने गोल करून, आणि त्याखाली ट्रॉलीच्या चासी नंबरचा तो पेन्सिलचा ठसा.